परत गेलेले पाट

रोहा, २२ जून १९८६

ती. सौ. ताईस,

जनीच्या दहावीचे पेढे पोचले. सरूने शेजारी वाटले आणि दोन स्वतःसाठी डब्यामागे लपवले. ते मी शोधून खाल्ले, म्हणून सध्या ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या शाळेला यंदापासून अकरावी-बारावीचा वाणिज्य वर्ग मिळाला. अर्थशास्त्र, पुस्तपालन, वाणिज्य संघटन, सगळं शिकवायला एकटा मी. मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्ही म्हणजेच शाखा." पण शाखेला मुलं हवीत, आणि इथली मुलं दहावी झाली की धाटावच्या कंपन्यांच्या गेटवर जाऊन उभी राहतात. मी घरोघर फिरतो आहे. एका बापाने विचारलं, "मास्तर, धंदा शिकवता म्हनता, तुमचा सोताचा धंदा कोनता?" मी पुढच्या घराकडे वळलो.

जनीला माझ्याकडे पाठव. भावोजींना मुलगा नाही, तेव्हा कारखाना त्यांच्यामागे त्यांच्या भावाकडे, कान्हूकडे जाणार, असं जोह्यात सगळे धरूनच चालतात. पण गणपतीचा कारखाना म्हणजे नुसती शाडू मळणं नव्हे. माल कधी भरायचा, व्यापाऱ्याशी करार कसा करायचा, बँकेत काय बोलायचं, हे जिला येईल तिच्या हाती कारखाना का देऊ नये? मला दोन वर्षं दे. सरू तिला पोटच्या मुलीसारखी सांभाळेल.

तुझा,
हिरामण


जोहे, ३ जुलै १९८६

हिरामणा, ताईचे तुला आणि सरूला आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा कान्हूभावजी ओट्यावर येऊन बसले होते, म्हणून मुद्दाम मोठ्याने.

भावजी म्हणाले, "पोरगी कॉमर्स शिकून काय करनार? गनपतीला भांडवल समजावनार?"

हे म्हणाले, "विद्येचाच देव हाय तो. आयकून घेईल."

"दादा, ती उद्या लगीन करून जाईल. कारखाना काय डोक्यावर घेऊन जाईल सासरी?"

मी आतून म्हटलं, "जावय इकडं आणू. तुम्ही नाय का अर्धं वरीस सासुरवाडीला असता?" सासूबाई हसल्या, त्यामुळे भावजींनाही हसावं लागलं.

मग हे गंभीरपणे बोलले. जनी बारावी कॉमर्स झाली तर कारखान्याची किल्ली जनीकडे. नाही झाली तर कान्हूकडे, आणि मग आम्ही दोघं त्यांच्या हाताखाली काम करू. कान्हूभावजी म्हणाले, चालेल. सासूबाईंसमोर बोलणं झालं आहे, आता कुणाला मागे फिरता येणार नाही.

जनी रविवारी पेणहून गाडीने येईल. हंगामात मात्र तिला आखणीला पाठवावं लागेल. मूर्तीचे डोळे तिच्यासारखे कुणाला जमत नाहीत, यांनासुद्धा नाही. हे तिला तसं कधी सांगत नाहीत. तूही सांगू नकोस.

सुकट पाठवते आहे. ती सरूची आहे, तू हात लावू नकोस.

तुझी,
ताई


रोहा, १४ डिसेंबर १९८६

ती. सौ. ताईस,

आज लिहिताना हात थांबत नाही.

दिवाळीनंतर वर्गाला एक उपक्रम दिला होता. आपल्या घरचा किंवा शेजारचा धंदा घ्या आणि पुस्तकातल्या एका प्रकरणाप्रमाणे त्यात सुधारणा सुचवा. धरमतरकडच्या एका मुलाने खाडीचं मीठ चित्राच्या पिशवीत भरून विकायचं सुचवलं. त्याच्या बापाने त्याला विचारलं म्हणे, चित्र कुणाचं, तुझं का? बाकीच्यांनी काही ना काही खरडून आणलं.

जनीने 'प्रमाणीकरण व प्रतवारी' हे प्रकरण घेतलं आणि भिंतीएवढा तक्ता केला. तिचं म्हणणं असं. आषाढात घरोघरचे पाट कारखान्यात येतात आणि त्या त्या पाटावरच त्या घरचा गणपती घडवावा लागतो. कुणाचा लोडाला टेकलेला, कुणाचा मोरावर, कुणाचा नागावर. प्रत्येक वेगळा, म्हणून साचा चालत नाही, म्हणून सगळा हंगाम भावोजी एकटे अडकून पडतात. तेव्हा पाट घेणं बंद करावं. एकच बैठक, तीन उंच्या, साच्यातून काढलेल्या मूर्ती फळीवर मांडाव्या आणि गिऱ्हाइकाने येऊन पसंत कराव्या.

ताई, मी हे उभ्याने वाचलं. मुख्याध्यापकांनी तक्ता ऑफिसात लावला. तपासणीला साहेब आले होते, ते त्याच्यापुढे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, अशी मुलं असतील तर हा वर्ग टिकेल. वर्ग टिकण्याची आम्हाला फार गरज आहे. आताच निम्मी बाकं रिकामी आहेत.

भावोजींना सांग, येता हंगाम करून बघा. जनी स्वतः बोलायला लाजते. मास्तर सांगतो म्हणून सांग.

तुझा,
हिरामण


जोहे, ८ फेब्रुवारी १९८७

हिरामणा,

उशीर झाला, कारण घरात ठरायलाच उशीर झाला.

नाताळच्या सुटीत जनी आली तेव्हा मी विषय काढला. हे माती मळत होते, मळतच राहिले. मग तिला विचारलं, "पाट परत केला तर त्या घरचा देव बसनार कुठं?"

"बाबा, मूर्ती नेतील आणि घरी पाटावर ठेवतील. देव तोच."

"आनी पाट दुसरीकडं गेला तर?"

"दुसरीकडं आपल्यासारखे डोळे कोन काढतं?"

तेव्हा हे हसले. मला वाटलं, विषय संपला. तर कान्हूभावजीच पुढे आले. "पोर बरोबर बोलते, दादा. लोकं आता बाजारात बघून घेतात. करू या. पाट परत करायचं वाईट काम मी करतो, तुला बोलायला नको." मी बघतच राहिले. इतकी वर्षं या माणसाला उगाच वाईट म्हटलं असं वाटून त्या दिवशी सोड्यांच्या कालवणातले सोडे त्यांच्याच ताटात जास्त वाढले.

जनी रोह्याला परत गेल्यावर हे मला एकटीला म्हणाले, "मला पटत नाय. पन शिकायला पाठवली ती मीच. आता तिचं आयकायचं नाय, तर पाठवली कशाला?"

मी चूल पेटवायला उठले. तू तिथे असतास तर बोलला असतास.

साचे आले आहेत. प्लास्टरची पोतीही आली.

ताई


जोहे, १२ जुलै १९८७

हिरामणा,

पाट यायला लागले आणि परत जायला लागले. कान्हूभावजी रस्त्यावरच उभे राहून सांगतात. काल ते पेणला गेले होते, तेव्हा धरमतरच्या कृष्णाबाई थेट दारात आल्या. तू त्यांना पाहिलं आहेस. मिठागरावर उभा जन्म गेला, आणि बोलतात अशा की खाडीच्या पलीकडे ऐकू जावं. पाट धुऊन, हळदीकुंकू लावून, जुन्या लुगड्यात गुंडाळून डोक्यावर आणला होता.

म्हणाल्या, "इंदू, पानी दे गो. आनी यावेळी मोराची मान जरा वर ठेवायला सांग, गेल्या टायमाला तो झोपलेला वाटत होता."

मी पाणी दिलं. मग सांगितलं की यंदा पाट घेत नाही, मूर्ती तयार असतील, येऊन पसंत करा.

त्यांना आधी थट्टा वाटली. "म्हंजे? देव काय बांगड्या हायेत, हातात घालून बघायला?"

"तसं नाय, मावशी. आता सगळ्यांना सारखे गनपती."

"सारखे कसे? घरं सारखी हायेत का?" मग हळू विचारलं, "आमचं काय चुकलं का गो? कुनाचं बोलनं लागलं का रघूला?"

हे आत होते. त्यांनी ऐकलं, पण बाहेर आले नाहीत. साच्यात प्लास्टर ओतलेलं होतं, ते सोडून उठता येत नाही, असं नंतर म्हणाले. कृष्णाबाईंनी पाट परत गुंडाळला. मी उचलून द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. आनला तसा नेते."

जनीला आखणीसाठी पाठव. आणि मला एक सांग. फळीवर मांडलं की गिऱ्हाईक येतं, असं पुस्तकात नक्की लिहिलेलं आहे ना?

ताई


रोहा, १९ जुलै १९८७

ती. सौ. ताईस,

घाबरू नकोस. सवय बदलली की गिऱ्हाईक एखादा हंगाम रुसतं, पण स्वस्त आणि चांगला माल मिळाला की परत येतं. मी हे वर्गात दरवर्षी शिकवणार आहे आणि उदाहरण तुमचंच देणार आहे. जनी शनिवारी निघते. कृष्णाबाई मोठ्याने बोलतात म्हणून तुला जास्त वाटलं असेल.

हिरामण


रोहा, ६ सप्टेंबर १९८७

ती. सौ. ताईस,

गणपती होऊन गेले, तुझं पत्र नाही. जनी परत आली तीही काही बोलत नाही. विचारलं की म्हणते, "ठीक झालं." मी धीर करून लिहितो, कारण तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आमच्या घरचा पाट दरवर्षी तुमच्याकडे येतो. यंदा मी सरूला म्हटलं होतं, आपण जोह्याला जाऊन फळीवरची मूर्ती आणू. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळेतून आलो तर गणपती घरात आलेला होता, आपल्या पाटावर. तिने महिन्याआधीच पाट इथल्या एका कारखान्यात दिला होता.

मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "ताईंनी पाट घेतला असता तर मी तिथंच दिला असता. देव फळीवरनं निवडून आनला आनी घरात काय झालं, तर लोक तुमच्या पुस्तकाला नाय विचारनार. मला विचारतील."

दुसऱ्या दिवशी मी त्याच गणपतीची पूजा मांडली. आरती केली. ताई, माझ्या स्वतःच्या घरात हे झालं, आणि मी तुला सवय, स्वस्त माल असलं काय काय लिहीत होतो.

किती मूर्ती गेल्या ते कळव. आणि एक वाईट बातमी. यंदा अकरावीला इतके कमी प्रवेश झाले की नवा वर्ग सुरूच झाला नाही. जनीची बारावी तेवढी पुरी करणार, मग शाखा बंद. तिला मी हे सांगितलेलं नाही.

हिरामण


जोहे, ४ ऑक्टोबर १९८७

हिरामणा,

सरूवर रागावू नकोस. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

लोक आले होते. फळीवर मूर्ती बघितल्या, चांगल्या झाल्या आहेत म्हणाले, देवाला हात जोडले आणि गेले. मुंबईचा एक व्यापारी थोड्या घेऊन गेला. उरलेल्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत. जनीने ज्यांचे डोळे काढले होते त्यांचीही तोंडं झाकली.

आता दुसरं ऐक. हमरापूरच्या वाटेवर कान्हूभावजींच्या सासऱ्यांचा कारखाना आहे. नवरात्रात मी त्या बाजूला हळदीकुंकवाला गेले होते. तिथल्या बाईने सहज सांगितलं, यंदा आमच्याकडे पाटांना जागा पुरली नाही. आमच्या दारातून फिरलेला प्रत्येक पाट भावजी बसथांब्यावर गाठत होते. "मी रघूचाच भाऊ, आमच्या बापाचाच हात, तुमचा मोर मला ठाऊक हाय," असं सांगत होते. ते खोटंही नाही. भाऊ आहेत, आणि मोर त्यांनाही येतो.

मी घरी येऊन यांना सांगितलं. मला वाटलं, उठून जातील, भांडतील. हे म्हणाले, "त्यानं चोरले नाय. आपन दारातून घालवले, त्यानं उचलले."

"मग पुढल्या वर्षी परत बोलवा सगळ्यांना. चुकलं म्हनून सांगा."

"देव जिथं घडला तिथंच पाट पुन्हा जातो. काय विघ्न आलं तरच लोक जागा बदलतात. आता कान्हूच्या हातनं त्या घरांत विघ्न यावं, असं मागू का मी देवाजवळ?"

 यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

कान्हूभावजी घरी येतात-जातात, नेहमीसारखे बोलतात. किल्लीचा विषय कुणी काढत नाही. जनीला यातलं काही कळवू नकोस. तिची बारावी होऊ दे. शब्द बारावीवर आहे.

ताई


रोहा, २० जून १९८८

ती. सौ. ताईस,

जनी पास झाली. शाळेत पहिली, प्रथम वर्गात. तार करणार होतो, पण तारेने तुम्ही घाबराल म्हणून केली नाही.

शाखा बंद झाली. मला या महिन्यापासून पाचवी ते सातवीला भूगोल दिला आहे. जनीचा तक्ता मी ऑफिसातून काढून आणायला गेलो, तर मुख्याध्यापक म्हणाले, राहू द्या, पुढच्या तपासणीला उपयोगी पडेल. तो तिथेच आहे.

तू सांगितलंस म्हणून मी तिला काही कळवलं नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. गणपतीत आली होती तेव्हाच तिने एकेक पाट ओळखला होता म्हणे, काकाच्या सासऱ्याच्या दारात. वर्षभर ती माझ्यासमोर बसून शिकली आणि मी तिला शिकवलं, आणि दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही. परीक्षेला प्रमाणीकरणाचे फायदे विचारले होते. मी म्हटलं, "लिहिलेस?" म्हणाली, "लिहिले. सगळे. पुस्तकात होते तसे."

आता शब्दाप्रमाणे किल्ली तिची आहे. नाहीतर पेणच्या कॉलेजात बी.कॉम.ला घालता येईल, मी खर्च करीन. काहीतरी कर. तिला नुसती घरी बसवू नकोस.

हिरामण


जोहे, ३१ जुलै १९८८

हिरामणा,

तुला लिहायला बसले की उठत होते. आज बसले आहे.

कान्हूभावजींनी शब्द पाळला. सासूबाईंसमोर नारळ आणि किल्ली जनीच्या हातात दिली. म्हणाले, "घे पोरी, तुझा कारखाना. काकाला लागली मदत तर सांग." त्यांना तो आता नकोच आहे, हे सगळ्यांना कळलं. जनी त्यांच्या पाया पडली.

बी.कॉम.चं तिला विचारलं. म्हणाली, "अजून काय सुधारायचं राहिलं?" मग म्हणाली, मामाला असं लिहू नकोस. मी लिहिलं.

यंदा साचे बाजूला ठेवले. यांनी शाडू आणली, मळून ओल्या गोणपाटाखाली ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की पाट घेतो. जनी रोज सकाळी कारखाना झाडते, फळ्या पुसते आणि दार उघडून उंबऱ्यात बसते. हे आत बसतात. आषाढ निम्मा गेला. एकही पाट आलेला नाही. शाडू वाळते, हे पुन्हा पाणी मारतात.

रस्त्याने पाट जाताना दिसतात. ओळखीची माणसं मान खाली घालतात, नाहीतर थांबून जनीला निकाल कसा लागला ते विचारतात आणि पुढे जातात. कुणी वाईट बोलत नाही.

परवा दुपारी एक नवी लग्न झालेली बाई डोक्यावर पाट घेऊन थेट दारात आली. जनी उठून उभी राहिली. यांनीही आतून हात पुसले, मी पाहिलं. ती बाई निडीकडची, पहिल्यांदाच आली होती. तिने विचारलं, "कान्हूशेटचा कारखाना हाच का?"

जनीने नाही म्हणून सांगितलं. बाईला रस्ता कळेना. मग जनीने तिच्या डोक्यावरचा पाट आपल्या डोक्यावर घेतला आणि तिला काकाच्या सासऱ्याच्या दारापर्यंत पोचवून आली.

येऊन उंबऱ्यात बसणार, तर हे म्हणाले, "दार ओढून घे, पोरी. रस्त्याची धूळ मातीत जाते." तिने ओढून घेतलं. त्यानंतर ते उघडलेलं नाही.

भूगोल नीट शिकव.

ताई